आतलं चाक

पूर्वरंग

श्रीगुरुभ्यो नमः। श्रोतेहो, आज निरूपणाला विषय घेतला आहे चाकाचा. तुम्ही म्हणाल, बुवा, कीर्तनात चाक कुठून आलं? पण जरा धीर धरा. कठोपनिषदात यमधर्मानं नचिकेत्याला रथाचं रूपक सांगितलं आहे. शरीर हा रथ, आत्मा त्यात बसलेला धनी, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं हे घोडे आणि विषय म्हणजे त्यांच्या धावण्याच्या वाटा. किती नेमकं रूपक! सगळे आले. पण बारकाईनं बघा, त्यात चाकाचं नाव नाही. साऱ्या रथाचा भार ज्याच्यावर, त्याचा उल्लेख नाही. ही उपनिषदाची उणीव म्हणू नका. यमधर्माला सांगायचं होतं ते वेगळं. पण आपण संसारी माणसं नेमकी तिथंच फसतो. जे निमूट चालतं त्याची आपल्याला आठवण होत नाही. दात दुखला की दाताची आठवण, आणि चाक बसलं की चाकाची!

कथेकऱ्यांच्या परंपरेत दशरथाची एक गोष्ट सांगतात. देव-दैत्यांच्या युद्धात राजा देवांच्या बाजूनं लढत होता आणि रथात कैकेयी होती. ऐन रणात चाकाची खीळ निखळली. चाक निघणार, रथ उलटणार, तेवढ्यात त्या राणीनं खिळीच्या जागी आपलं बोट घातलं. रथ चालत राहिला, राजा लढत राहिला, जिंकला. आणि जिंकल्यावर मागं वळून बघतो तो राणीचा हात रक्तानं माखलेला! आता मला सांगा, युद्ध चालू असताना राजाला काय वाटत होतं? रथ चालतोय, म्हणजे चाक ठीक आहे. चाक ठीक नव्हतं हो! कुणाचं तरी बोट त्यात होतं.

पुढं या कैकेयीनं काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे. तो आजचा विषय नाही. आजचा विषय एवढाच, की रथ चालतोय यावरून चाक ठीक आहे असं समजू नये.

आता आजचा रथ घ्या. मोटारीचं चाक. मी तुम्हाला एक प्रश्न विचारतो. गाडीचा भार कोण उचलतं? तुम्ही म्हणाल, टायर. बरं, टायरमधलं काय? रबर? हवा काढून टाका आणि बघा रबर किती उचलतं ते! रबर हे भांडं. भार उचलते ती आतली हवा. दिसतं ते उचलत नाही आणि उचलतं ते दिसत नाही. देह आणि प्राण यांचं नातं याहून सोपं करून काय सांगावं?

आणि ही हवा खिळा न लागताही जाते. धडधाकट टायरसुद्धा महिन्याकाठी पौंडभर हवा सोडतो. आवाज नाही, धक्का नाही. आपली समजूत अशी असते, की हवा जास्त झाली म्हणून टायर फुटतो. बहुतेक वेळा उलटं असतं. हवा कमी झाली की टायरच्या कडा प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतात. वाकून वाकून तापतात. तापून रबर आतल्या धाग्यांपासून सुटतं आणि मग एका क्षणी स्फोट. लोक म्हणतात, अचानक फुटला. अचानक काही फुटत नाही, बाबांनो. अचानक आपल्याला कळतं, एवढंच.

दुसरी गोष्ट वयाची. टायरच्या अंगावर अक्षरं-आकड्यांची एक ओळ असते, तिचे शेवटचे चार अंक वाचायला शिका. समजा 2319 असं आहे. म्हणजे 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात तो टायर जन्मला. ही त्याची जन्मपत्रिका. नक्षी कितीही खोल दिसो, पत्रिका खोटं बोलत नाही. आणि यात एक गंमत आहे. रोज चालणारा टायर झिजतो, पण उभा राहिलेला टायर वाळतो. रबरात काही राखण करणारी द्रव्यं घातलेली असतात. टायर फिरत राहिला, वाकत राहिला, की ती पृष्ठभागावर येत राहतात. गाडी महिनोन् महिने उन्हात उभी राहिली की ती वर येत नाहीत आणि कडेला बारीक भेगा पडतात. साधनेचंही असंच आहे. वर्षातून एकदा सप्ताहाला येणारा आणि एरवी उन्हात उभा राहणारा भक्त नक्षीला नवा दिसतो. भेगा कडेला असतात.

तिसरी गोष्ट भाराची. ती उत्तररंगात येईल. क्षणभर नामस्मरण करू या. रामकृष्ण हरि.

उत्तररंग

आता आख्यान लावतो. ते पुराणातलं नाही, 2023 च्या जून महिन्यातलं आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात फिनिक्स शहराजवळ आपली मराठी मंडळी आहेत. त्यांच्या आमंत्रणावरून तीन दिवस कीर्तनसेवा झाली. ती झाल्यावर यजमान म्हणाले, "बुवा, इथवर आलात तर ग्रँड कॅनियन बघितल्याशिवाय जायचं नाही. आमची आर. व्ही. आहे, तिच्यातूनच जाऊ."

ही आर. व्ही. म्हणजे चाकांवरचं घर. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली खोली म्हणा ना. आत शेगडी, फ्रीज, मोरी, झोपायला पलंग, आणि सारथ्याच्या डोक्यावर आणखी एक माचा. यजमानांनी ती वर्षापूर्वी कुणाकडून तरी जुनी विकत घेतली होती. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "टायर बघा, नवेच आहेत." नक्षी खरोखरच नवी होती.

आम्ही निघालो सात माणसं. यजमान, यजमानीणबाई, त्यांची दोन मुलं, यजमानांच्या मातोश्री म्हणजे मुलांची आजी, माझे तबल्याचे साथीदार आणि मी. सामान विचारू नका! टाकीत पाणी भरलं. पाणी लिटरला किलो, हे हिशेबात धरायला हवं. वर आजींच्या लोणच्याच्या बरण्या, दोन कुकर, तांदळाची पिशवी. मी म्हटलं, "आजी, आपण दोन दिवसांनी परत येणार आहोत." त्या म्हणाल्या, "बुवा, रस्त्यात कुणी भेटलं तर?" त्या वाळवंटात कोण भेटणार होतं? पण मराठी आई दोन ताटं जास्त धरते, त्याला इलाज नाही.

गाडी चालवायला यजमानीणबाई बसल्या. यजमानांची नोकरी अशी, की महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी. म्हणून या गाडीची सवय बाईंनाच जास्त. घरचंही तसंच. मी त्यांच्याकडे आठवडाभर राहिलो होतो, माझ्या डोळ्यांनी बघत होतो. स्वतःची नोकरी, मुलांच्या शाळा, सासूबाईंची औषधं, आणि त्या आठवड्यात कीर्तनाला येणाऱ्यांचा स्वयंपाक. पहाटे मी संध्येला उठायचो तेव्हा स्वयंपाकघरातला दिवा आधीच लागलेला असायचा. चेहरा हसरा. कुणाला काही दिसायचं नाही.

फिनिक्सहून फ्लॅगस्टाफ गावाकडे जाणारा महामार्ग आहे, त्याला आय-17 म्हणतात. फिनिक्स समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर, फ्लॅगस्टाफ सात हजारांवर. म्हणजे अंतर 145 मैल आणि चढ सहा हजार फुटांचा. जून महिना, पारा चाळिशीच्या पुढं, रस्ता तव्यासारखा तापलेला. ब्लॅक कॅनियन सिटी सोडली की मोठा चढ लागतो. तो चढून गाडी वरच्या सपाटीला आली. मुलं मागं पत्ते खेळत होती, आजींचा जप चालू होता. आणि एकदम तोफेसारखा आवाज झाला!

गाडी मागून उजवीकडे बसली, सगळं घर हललं. आजींच्या हातून माळ पडली. यजमान ओरडले, "ब्रेक! ब्रेक दाब!"

श्रोतेहो, त्या बाईंनी ब्रेक दाबला नाही. दोन्ही हातांनी चक्र घट्ट धरलं, गाडी सरळ ठेवली, पायाखालची गती एकदम सोडली नाही, हळूहळू कमी होऊ दिली. गाडी धडधडत, पण सरळ रेषेत गेली आणि वेग अगदी उतरल्यावर त्यांनी ती कडेच्या पट्ट्यात घेतली. मी नंतर विचारलं, "बाई, हे तुम्हाला कसं सुचलं?" त्या म्हणाल्या, "सुचलं नाही बुवा. गाडी घेतली तेव्हा वाचलं होतं, की टायर फुटला तर ब्रेक मारायचा नाही, वळवायचं नाही, आधी सरळ धरायचं. तेव्हापासून गाडीत बसलं की एकदा मनात म्हणायचे." बघा! याला म्हणतात नित्यपाठ. संकटात बुद्धी चालत नाही, अभ्यास चालतो. अंतकाळी नाम मुखात यावं म्हणून आयुष्यभर घ्यायला संत का सांगतात, ते मला त्या पट्ट्यात उभं राहून नव्यानं समजलं.

मग बाईंनी धोक्याचे दिवे लावले. सगळ्यांना रहदारीच्या उलट्या बाजूनं खाली उतरवलं आणि रस्त्यापासून लांब, कठड्यापलीकडे नेलं. वाहत्या महामार्गावर थांबलेली गाडी म्हणजे पुरातला खडक. तिच्यात बसून राहू नये, तिच्या मागं उभं राहू नये. यजमानांनी लाल त्रिकोण रस्त्याकडेला लांबवर मांडले. पाण्याच्या बाटल्या बाहेर काढल्या. त्या उन्हात माणसाला टायरच्या आधी पाणी लागतं.

आपल्याकडे कसं असतं? दर दोन मैलांवर झाडाला टायर टांगलेला दिसतो, खाली पंक्चरवाला. तिथं काही नाही. क्षितिजापर्यंत निवडुंग. त्या गाडीला स्टेपनीही नव्हती. अशा पुष्कळ गाड्यांना ती नसते. फोन केला. मदत येईल म्हणाले, दोन तास लागतील.

आणि इथं, मंडळी, खरी गोष्ट सुरू होते. माणूस घाबरला की त्याला कुणावर तरी रागवायचं असतं. यजमान गाडीमागून फिरून आले. बाहेरच्या टायरच्या चिंध्या झालेल्या. पत्नीला म्हणाले, "सकाळी गाडीभोवती चक्कर मारलीस ना तू? मग हा टायर असा होता ते दिसलं कसं नाही तुला? मुलं होती गं आत!" बाई काही बोलल्या नाहीत. इतका वेळ चक्र धरलेले त्यांचे हात आता थरथरत होते. ते त्यांनी ओढणीत लपवले. मी बघितलं. आजींनीही बघितलं.

दोन तासांनी मदतीचा ट्रक आला. त्यातून एक वयस्कर कारागीर उतरला. फुटलेल्या टायरकडे त्यानं नुसतं एकदा पाहिलं आणि सरळ गाडीखाली वाकला. बॅटरी लावून आत बघू लागला. आपल्या वारीत दिंडीच्या ट्रकबरोबर क्लीनर असतो ना, हातात लोखंडी टॉमी घेऊन चाकांवर ठोके मारत फिरतो आणि आवाज ऐकतो? तसा यानं एक दांडका घेतला आणि आत हात घालून ठोका दिला. माझे तबलजी म्हणाले, "बुवा, पुडी ढिली आहे." अगदी तसाच आवाज आला. मेलेला.

आता ऐका. अशा जड गाडीला मागं जोडचाकं असतात. एका बाजूला दोन, एकाला एक चिकटून. एक बाहेरचं, एक आतलं. आतलं उभ्या माणसाला नीट दिसत नाही. त्याच्या हवेच्या तोंडापर्यंत हात पोचत नाही, म्हणून लांब नळी जोडलेली असते. त्या नळीचा सांधा ढिला झाला होता आणि आतल्या चाकाची हवा किती दिवसांपासून कोण जाणे, हळूहळू निघून गेली होती. गाडी बसली का? नाही. वाकडी झाली का? डोळ्याला कळेल इतकी नाही. कारण बाहेरचं चाक दोघांचा भार एकटं उचलत होतं. कारागिरानं टायरचे अंक दाखवले, 3413. म्हणजे 2013 सालचा 34 वा आठवडा. दहा वर्षं होत आली होती, भेगा पडल्या होत्या. तशा वयात दुप्पट भार, त्यात चाळीस अंशांचं ऊन, त्यात चढ. तो कारागीर जे म्हणाला ते यजमानांनी मला मराठीत सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांचा आवाज बदलला. तो म्हणाला होता, "फुटला त्याला दोष देऊ नका. त्यानं तर तुम्हाला इथवर आणलं. तो भावाचं ओझं वाहत होता."

कुणी काही बोललं नाही. वरून ट्रक जात होते. मग आजी, ज्या दोन तास गप्प होत्या, त्या लेकाला म्हणाल्या, "अरे, आपल्या घरातलं आतलं चाक कोण रे?"

श्रोतेहो, मी चाळीस वर्षं कीर्तन करतो आहे. असं चरण मला कधी बांधता आलं नाही.

यजमान उठले. पाण्याची बाटली उघडून पत्नीच्या हातात दिली आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले. क्षमा वगैरे शब्द मला ऐकू आले नाहीत, आणि ऐकायचेही नसतात. बाई मात्र तेव्हा रडल्या.

आता यातलं मर्म सांभाळून घ्या. घाईनं असं म्हणू नका, की आतलं चाक पापी आणि बाहेरचं पुण्यवान. आतल्या चाकाचं काय चुकलं? त्याच्या नळीचा सांधा ढिला झाला, तोही जिथं कुणाचा हात जात नाही तिथं. घरापासून लांब, परक्या गावच्या खोलीत पंधरा-पंधरा दिवस एकटा राहणारा माणूस, त्याची हवा गेली आहे का, हे तरी कुणी मोजलं होतं? त्याची त्यालाही खबर नव्हती. दोष द्यायला बसलात तर दोन्ही चाकं सापडतील, आणि गाडी तिथंच उभी राहील. घरात कुणी अचानक फुटलं, ओरडलं, आजारी पडलं, घर सोडून जातो म्हणालं, तर आधी फुटलेल्याकडे बोट दाखवू नका. वाका. बॅटरी लावा. शेजारचं बघा. हा कुणाचा भार वाहत होता, एवढं विचारा.

कारागिरानं दोन्ही टायर नवे घातले. यजमान म्हणाले, "आतला तर फुटलेला नाही?" तो म्हणाला, "हवा नसताना धावला आहे, तो आतून संपला. शिवाय जोडीतले दोघं उंचीला सारखे लागतात. एक उंच, एक बुटका केलात, तर उंच असेल तो पुन्हा सगळं ओझं घेईल." लग्न जमवणाऱ्यांनी हे वाक्य लिहून ठेवावं! उंची शरीराची म्हणत नाही मी. आणि जाताना त्यानं बजावलं, "पन्नास मैल गेल्यावर थांबा आणि नट पुन्हा आवळा. एकदा आवळून भागत नाही, चाक बसायला वेळ घेतं." पन्नास मैलांनी, पाइनच्या झाडीत गाडी थांबवून यजमान स्वतः पाना घेऊन उतरले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठलो तर यजमान गाडीशेजारी गुडघ्यांवर बसलेले, हातात हवा मोजायचं गेज. सहाही चाकं मोजली, आतल्या दोन चाकांसाठी आडवं होऊन हात घातला. दाराच्या आतल्या पट्टीवर मागच्या चाकांना 80 पौंड लिहिलं होतं, तेवढं आहे का ते पाहिलं. मग शेगडीपाशी गेले आणि पत्नीला म्हणाले, "तू बस, चहा मी करतो. रात्री झोपलीस का नीट?" माचावरून आजींचा आवाज आला, "मोज, मोज. गार असतानाच मोजावं."

आजी गमतीनं बोलल्या, पण शास्त्र बोलल्या. टायरची हवा सकाळी, गाडी हलवायच्या आधी मोजायची असते. धावून तापला की आकडा वाढतो आणि खोटा दिलासा देतो. म्हणून तापलेल्या टायरचा आकडा बघून हवा सोडायचीही नसते. माणसाचंही तेच. भांडण तापलेलं असताना एकमेकांची मापं काढू नका. आकडे चुकतात. सकाळी, गार असताना, चहाच्या वेळी विचारा.

मग आम्ही ग्रँड कॅनियनच्या काठाला उभे राहिलो. मैलभर खोल दरी. कोलोरॅडो नदीनं कोरलेली. समोर देवळांच्या शिखरांसारखे डोंगर. आणि त्यांची नावं काय? विष्णु टेंपल, शिव टेंपल, ब्रह्मा टेंपल! एकोणिसाव्या शतकात डटन नावाचे भूगर्भशास्त्रज्ञ तिथं गेले आणि पूर्वेकडच्या देवांची नावं देण्याची रीत त्यांच्यापासून पडली. यजमानांच्या मुलानं फलक वाचून मला आणखी एक सांगितलं, "बुवाआजोबा, सगळ्यात खाली, नदीजवळ, जो काळा खडक आहे ना, त्याचं नाव पण विष्णु आहे." खरंच आहे. विष्णु शिस्ट म्हणतात त्याला, सुमारे 170 कोटी वर्षांचा. वर लाल, पिवळे, पांढरे थर, फोटो सगळे त्यांचेच निघतात. त्या सगळ्यांना तळाशी राहून अंगावर घेतलं आहे ते विष्णूनं. काठावरून वाकल्याशिवाय तो दिसत नाही.

मी हात जोडले. परमात्मा हे जगाचं आतलं चाक आहे, पण असं, की ज्याची हवा कधी जात नाही. आपण बाहेरची चाकं. आपण समजतो, घर मी ओढतो, संसार मी उचलतो. तो आत आहे म्हणून आपण फुटत नाही.

म्हणून आजची फलश्रुती ऐका, आणि परमार्थ-प्रपंच दोन्हीकडे लावा. समृद्धी महामार्गानं मुंबई-नागपूर 701 किलोमीटर जाणार असाल, सिमेंटच्या रस्त्यावर वेगानं, तर निघण्याआधी हवा गार असताना मोजा. टायरचे चार अंक वाचा. सहा-सात वर्षं झाली असतील तर जाणकाराला दाखवा, दहाच्या पुढं मुळीच वापरू नका. दारावरच्या पट्टीत लिहिलं आहे तेवढाच भार घाला. मोठी गाडी असेल तर आतल्या चाकाला हात लावून बघा. आणि घरातून निघताना, जो कधीच तक्रार करत नाही त्याच्याजवळ, तिच्याजवळ, घडीभर बसा. विचारा, तुझी हवा किती आहे?

उत्तर एकदम येणार नाही. नळी लांब असते. पण रोज विचारलंत तर येईल.

रामकृष्ण हरि.